रामगढच्या पडद्यामागची माणसे

वाचकहो, फराळाची ताटे समोर आहेत, घरातली मंडळी एकत्र जमली आहेत, तेव्हा एक कोडे घालतो. उत्तर लगेच देऊ नका. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना विचारा. 'शोले' या चित्रपटाला फिल्मफेअरची पारितोषिके किती मिळाली आणि कोणाला मिळाली?

कोणी अमजद खानचे नाव घेईल, कोणी संजीवकुमारचे. जरा जाणकार गृहस्थ असतील तर सलीम-जावेद म्हणतील. संगीताची आवड असलेल्या वहिनी राहुलदेव बर्मनचे नाव पुढे करतील. मंडळी, सगळ्यांचेच उत्तर चुकले. नऊ विभागांत या चित्रपटाचे नाव सुचवले गेले होते. त्या वर्षीचा मोठा मान 'दीवार'ने नेला आणि 'शोले'च्या वाट्याला अवघे एक पारितोषिक आले. ते मिळाले संकलक एम. एस. शिंदे यांना. म्हणजे ज्यांचा चेहरा पडद्यावर एकदाही दिसत नाही अशा एका माणसाला!

हा शिंदे कोण, असे तुम्ही विचारले तर तो दोष तुमचा नाही. रजतपटाची रीतच तशी आहे. उजेड नटांवर पडतो आणि उजेड पाडणारा अंधारात उभा असतो.

आता हे सगळे सांगणारा मी कोण, तेही सांगून टाकतो. मी जालन्याचा. इथल्या एमआयडीसीत लोखंडाच्या एका कारखान्यात हजेरीपट आणि पगारपत्रक सांभाळण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. 'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. अलीकडे या पाळण्यात सोन्यापेक्षा लोखंडच अधिक हलते! कुठकुठचे भंगार ट्रकांतून इथे येते, भट्टीत वितळते, त्याचे बिलेट पडतात आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळया सळसळत बाहेर येतात. या कामावर बिहारची माणसे आहेत, उत्तर प्रदेशातली आहेत, आणि आपली अंबड, बदनापूर, परतूरकडचीही आहेत. त्यांची भाषा निराळी, जेवण निराळे, सण निराळे. पण चहाच्या सुट्टीत सगळ्यांना सारखाच पाठ असलेला एक विषय निघतो, आणि तो म्हणजे 'शोले'. पन्नाशीचा मिस्त्री गब्बर होतो, विशीतला पोरगा सांभा होऊन पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसतो, आणि ज्याची पाळी उशिरा सुटलेली असते त्याला सर्वानुमते कालिया करण्यात येते.

अशाच एका सुट्टीत परतूरकडच्या एका पोराने मला विचारले, "काका, तो कालिया आपला मराठी माणूस होता म्हणे. खरं का?"

मी म्हटले, "खरं आहे. आणि तो एकटा नाही. रामगढ गाव उभं करणाऱ्याचं आडनाव येडेकर."

"आणि आणखी कोण?"

भोंगा वाजला आणि उत्तर तिथेच राहिले. ते उत्तर थोडे सविस्तर द्यावे, एवढ्यासाठी हा लेख.

घोडा, बंदूक आणि घड्याळ

आधी थोडे दूरवर जाऊन येऊ. अमेरिकेत 'वेस्टर्न' नावाचा बोलपटांचा एक मोठा गोतावळा आहे. ओसाड मुलूख, एकाकी गाव, गावावर गुंडांची दहशत आणि गावाच्या वतीने उभा राहणारा एखादा खमका माणूस, असा त्याचा सर्वसाधारण साचा असतो. १९५२ सालचा 'हाय नून' हा त्या गोतावळ्यातला एक मानाचा चित्रपट. दिग्दर्शक फ्रेड झिनमन, नायक गॅरी कूपर. लग्न करून गाव सोडायला निघालेल्या मार्शलला बातमी मिळते की, आपण तुरुंगात धाडलेला गुन्हेगार दुपारच्या गाडीने सूड घ्यायला येतो आहे. तो गावकऱ्यांच्या दारोदार फिरून मदत मागतो आणि गाव पाठ फिरवते. पडद्यावर पुन्हा पुन्हा घड्याळ दिसते. काटा बाराकडे सरकतो आणि प्रेक्षकांचा जीव वरखाली होतो.

त्या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. कूपरना अभिनयाचे मिळाले, दिमित्री टिओमकिन यांच्या पार्श्वसंगीताला मिळाले, त्यातल्या गाण्याला मिळाले. आणि चौथे मिळाले एल्मो विल्यम्स व हॅरी गर्स्टॅड या दोघा संकलकांना. घड्याळाचा काटा आणि घामेजलेले चेहरे यांची जी गुंफण आपण पाहतो ती त्यांच्या कात्रीची करामत. पटकथा लिहिणारे कार्ल फोरमन यांना मात्र त्याच सुमारास अमेरिकन संसदेच्या चौकशी समितीपुढे उभे राहावे लागले. त्यांनी साथीदारांची नावे सांगितली नाहीत आणि अखेर देश सोडून इंग्लंडची वाट धरली. पडद्यावरच्या मार्शलला जे भोगावे लागले, त्यातले थोडेफार त्याची कथा लिहिणाऱ्यालाही भोगावे लागले.

हा गोतावळा नुसता अमेरिकेत राहिला नाही. जपानच्या अकिरा कुरोसावांनी १९५४ साली 'सेव्हन सामुराई' काढला. गाव वाचवण्यासाठी भाड्याने आणलेल्या लढवय्यांची ती कथा. हॉलिवूडने १९६० मध्ये त्याचाच 'मॅग्निफिसन्ट सेव्हन' केला. इटलीच्या सर्जिओ लिओने यांनी आपल्या धर्तीचे वेस्टर्न काढले. या साऱ्यांचे पाणी सलीम-जावेद यांनी आपल्या मातीत जिरवले आणि त्यातून रामगढ उगवले. तिकडच्या मार्शलच्या जागी हात गमावलेला ठाकूर आला, घोडागाडीच्या जागी बसंतीचा टांगा आला, आणि चर्चच्या घंटेच्या जागी गावातल्या मशिदीची अजान आली. निर्माते जी. पी. सिप्पी, दिग्दर्शक त्यांचे चिरंजीव रमेश सिप्पी. चित्रीकरणाला आरंभ झाला ऑक्टोबर १९७३ मध्ये आणि चित्रपट झळकला १५ ऑगस्ट १९७५ रोजी.

गाव उभारणारे येडेकर

डाकूंचा चित्रपट म्हटला की, त्या काळी चंबळचे खोरे नाही तर राजस्थानची वाळू ठरलेली. सिप्पींना ते नको होते. कलादिग्दर्शक राम येडेकर यांनी दक्षिणेकडची वाट धरली आणि बंगळूर-म्हैसूर रस्त्यावर रामनगर नावाच्या गावाजवळ त्यांना हवे ते सापडले. प्रचंड काळ्या शिळा, त्यांच्यामधून वाऱ्याला आणि डाकूंना लपायला भरपूर जागा!

पण शिळा म्हणजे गाव नव्हे. गाव येडेकरांनी वसवले. घरे, मशीद, देऊळ, पाण्याची टाकी, ठाकुराची हवेली, सगळे नव्याने उभे केले. सामान न्यायला हमरस्त्यापासून आतपर्यंत वाट नव्हती, तर रस्ताही बांधावा लागला. पुढे त्या भागाला काही काळ लोक 'सिप्पीनगर' म्हणत. तुरुंगाचा देखावा मात्र मुंबईत राजकमल स्टुडिओजवळ उघड्यावर बांधला, कारण रामनगरचे ऊन आणि मुंबईचे ऊन पडद्यावर एकसारखे दिसायला हवे होते. असरानींच्या जेलरला आपण पोट धरधरून हसतो. त्या हशामागे कोणीतरी सूर्य कुठून येतो, कुठे जातो याचा हिशेब मांडला होता.

याच येडेकरांचे नाव रिचर्ड ॲटनबरो यांच्या १९८२ सालच्या 'गांधी' चित्रपटातही कलादिग्दर्शकांच्या यादीत आहे. आपल्याकडे ही विद्या काही नवी नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी पडदे रंगवले, सहकाऱ्यांच्या मदतीने स्वतः कॅमेरा तयार केला, चित्रपट काढले. आणि जग त्यांना ओळखू लागले ते 'बाबूराव पेंटर' म्हणून. ज्याच्या आडनावाच्या जागी त्याचे कामच बसले, असा हा कारागीर. त्यांच्या कंपनीतून तयार झालेल्या व्ही. शांतारामांनी पुढे राजकमल उभा केला. म्हणजे जेलरसाहेबांचा तुरुंग कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या अंगणातच होता म्हणायचा!

वीस दिवसांच्या दोन वाती

छायालेखक होते द्वारका दिवेचा. तुम्हाला ते दृश्य आठवत असेल. संध्याकाळ उतरते आहे, विधवा राधा हवेलीच्या सज्ज्यातले दिवे एकेक करून मालवते आहे, आणि खाली पायरीवर बसलेला जय तोंडाचा बाजा वाजवतो आहे. एक शब्द नाही, आणि तरी सगळे बोलून झाले आहे. जया भादुरी आणि अमिताभ यांची दिव्यांची अशी दोन छोटी दृश्ये आहेत. त्यांना लागले वीस दिवस.

वीस दिवस कशाला? तर दिवेचांना सूर्य मावळल्यानंतरचा आणि अंधार पडण्याआधीचा उजेड हवा होता. आकाशाची निळाई आणि दिव्याची पिवळाई एका तोलाची व्हायची वेळ दिवसातून काही मिनिटेच असते. तेवढ्यात जमले तर जमले. नाही तर सामान आवरा नि उद्या या. आमच्या भट्टीवरचे लोक ही गोष्ट चटकन समजतात. वितळलेल्या लोखंडाचा रंग पाहून ते ओतायची घडी ओळखणारा मिस्त्री असतो. त्याला घड्याळ दाखवून उपयोग नसतो. पगारपत्रक लिहिणाऱ्या माझ्यासारख्याच्या पोटात मात्र वीस दिवस म्हटले की गोळा येतो. सिप्पी पितापुत्रांनी तो खर्च सोसला, हेही श्रेय त्यांचेच.

जय आणि वीरू मोटारसायकलवरून दोस्तीचे गाणे गात जातात त्या चार-पाच मिनिटांना एकवीस दिवस लागले, आणि आगगाडीवरच्या हल्ल्याला सात आठवड्यांहून अधिक. ती आगगाडी कुठली, ठाऊक आहे? आपल्या पनवेलजवळच्या रेल्वेमार्गावरची! मारामारीच्या प्रसंगांसाठी इंग्लंडहून जिम ॲलन आणि जेरी क्रॅम्प्टन ही मंडळी आली होती. आपल्याकडचे साहसवीर त्यांच्या बरोबरीने घोड्यावरून आणि डब्यांवरून पडत होते.

त्यांत एक मुलगीही होती, रेश्मा पठाण. बसंतीचा टांगा गब्बरच्या माणसांपुढे भरधाव पळतो, तेव्हा हेमामालिनीच्या जागी अनेकदा ती असे. एका वेळी टांगा उलटला आणि ती जखमी झाली. बरी होताच पुन्हा कामावर हजर झाली. त्या काळी हे काम करणाऱ्या बाया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या. पुढे २०१९ साली तिच्या आयुष्यावर चित्रपट निघाला, तेव्हा कुठे बऱ्याच घरांत तिचे नाव प्रथम उच्चारले गेले.

छोट्या भूमिका, मोठी आठवण

आता परतूरच्या पोराच्या प्रश्नाकडे येतो. कालिया झालेले विजू खोटे हे अभिनयाच्या घराण्यातले. वडील नंदू खोटे मूकपटांच्या काळचे नट, बहीण शुभा खोटे, आणि दुर्गाबाई खोटे घरातल्याच. 'शोले'त त्यांच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटे आली. गावातून धान्य न आणता, मार खाऊन परत आलेला एक डाकू, आणि पुढे त्याचे जे होते ते सगळ्या देशाला पाठ आहे. मराठी प्रेक्षकांसाठी त्यांनी पुढे कितीतरी कामे केली. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त ते आहेतच. पण ३० सप्टेंबर २०१९ रोजी ते वारले, तेव्हा बातमीच्या मथळ्यात कालियाच होता.

'बनवाबनवी'चे दिग्दर्शक सचिन पिळगावकर. तेही रामगढचेच! ए. के. हंगल यांच्या आंधळ्या इमामाचा मुलगा अहमद आठवतो ना? नोकरीसाठी गाव सोडून निघालेला आणि वाटेत गब्बरच्या हाती सापडलेला तो कोवळा पोरगा म्हणजे सचिन. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. त्या पोराच्या हत्येचे दृश्य टिपायला एकोणीस दिवस गेले आणि अखेर ते चित्रपटात राहिलेच नाही. गब्बर दंडावर चढलेला एक किडा चिरडतो, आणि पुढच्या क्षणी घोड्यावर टाकलेले प्रेत गावात शिरते. मधले सगळे आपण मनात पाहतो.

कानाने पाहिलेला चित्रपट

आमच्याकडच्या अनेकांनी 'शोले' आधी ऐकला आणि मग पाहिला. पॉलिडॉर कंपनीने नुसत्या संवादांच्या तबकड्या काढल्या होत्या. गणपतीच्या मांडवात, लग्नघरात, चहाच्या दुकानात त्या वाजत. मी त्या वेळी शाळेत होतो. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता; स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. चित्रगृहात जायला घरून परवानगी मिळणे दुरापास्त होते, पण कर्ण्याला कोण अडवणार? चित्रपट पाहिला नसतानाही गब्बर कुठे थांबतो, कुठे हसतो, हे आम्हा पोरांना ठाऊक झाले होते.

या ऐकू येणाऱ्या 'शोले'चे शिल्पकार वेगळेच आहेत. संवाद, संगीत, घोड्यांच्या टापा, वारा, बंदुकीचे बार हे सगळे योग्य प्रमाणात एकत्र करणे याला पुनर्ध्वनिमुद्रण म्हणतात. ते काम मंगेश देसाई यांचे. राजकमलमध्ये काम करणारे देसाई हे या विद्येतले मोठे नाव. सत्यजित राय यांच्यासारख्या काटेकोर माणसानेही त्यांच्याकडून काम करून घेतले. ठाकुराच्या घरातला तो काळा दिवस आठवा. संगीताचा गडगडाट नाही. गोळ्या झडून जातात आणि मग झोपाळ्याची कुरकुर तेवढी ऐकू येत राहते. तो आवाज कुठे ठेवायचा आणि बाकीचे कुठे गप्प करायचे, हा निर्णय कोणीतरी घेतला होता. सहा मार्गांनी ध्वनी ऐकू येणाऱ्या मोठ्या चित्रगृहांत जयने नाणे उडवले की, ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून लोक खाली वाकून पाहत, असे सांगतात.

संगीत राहुलदेव बर्मन यांचे. त्यांच्या साहाय्यकांच्या त्रिकुटात बासू चक्रवर्ती आणि मनोहारी सिंग यांच्या जोडीला मारुतीराव कीर होते. तबल्याचा आणि तालवाद्यांचा कारभार मारुतीरावांचा. बसंतीच्या टांग्यामागे जो तबला धावतो तो मात्र बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा. पुढच्या वेळी डोळे मिटून तो पाठलाग ऐका. घोडी पळते आहे की तबला, हे सांगता येणार नाही.

कात्रीवाला

आणि आता शिंदे.

चित्रपटाची एक मिनिटाची फीत नव्वद फूट भरते. 'शोले' झळकला तो एकशे अठ्ठ्याण्णव मिनिटांचा. हिशेब करा, सुमारे १८,००० फूट होतात. सेकंदाला चोवीस चित्रे धरली तर २,८५,००० च्या वर चित्रे! आणि हे सगळे उरलेले. अडीच वर्षांच्या खटाटोपात खर्ची पडलेली फीत लाखो फूट होती. त्या ढिगातून कोणते चित्र ठेवायचे, ते कितव्या क्षणी तोडायचे आणि त्याला पुढचे कोणते जोडायचे, हे संकलक ठरवतो. आज हे काम संगणकावर होते. त्या काळी हातात फीत, कात्री नि चिकटपट्टी असे, आणि कोणता तुकडा कुठल्या डब्यात आहे हे डोक्यात असावे लागे.

शिंद्यांची कात्री कशी चाले त्याचा एकच दाखला देतो. गब्बर ठाकुराचे हात तोडतो. दोन तलवारी वर जातात आणि तिथेच दृश्य तुटते. आता आपण वर्तमानात आहोत. ठाकूर उभा आहे, वारा सुटतो, खांद्यावरची शाल गळून पडते आणि सदऱ्याच्या दोन रिकाम्या बाह्या हलतात. रक्ताचा थेंब न दाखवता आख्खे चित्रगृह गार पडते. हवेलीतल्या लहान मुलावर बंदूक रोखली जाते तेव्हाही तसेच. बार ऐकू येतो, पोर पडलेले दिसत नाही. आयाबायांनी हा चित्रपट मुलांना शेजारी बसवून पाहिला, त्याचे कारण या आवरत्या हातात आहे.

एक तोड मात्र त्यांच्या मनाची नव्हती, कोणाच्याच मनाची नव्हती. मूळ चित्रपटात ठाकूर खिळे लावलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवून ठार करतो. पण २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी पुकारली गेली होती. पोलीस खात्यातल्या माजी अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला परिनिरीक्षण मंडळाला चालेना. रशियाला गेलेले संजीवकुमार परत आले, रामनगरला पुन्हा मंडळी गोळा झाली, आणि पोलीस वेळेवर पोचून ठाकुराला आवरतात असा शेवट जोडण्यात आला. हात नसलेल्या माणसाचा सूडही त्याच्याकडून काढून घेण्यात आला! पन्नास वर्षांनी, २०२५ साली, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या साथीने जुन्या फितींवरून चित्रपट पुन्हा स्वच्छ केला आणि मूळ शेवटासह तो इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या महोत्सवात उघड्या चौकात दाखवला गेला. शिंद्यांनी आधी जोडलेले आणि मग तोडावे लागलेले ते तुकडे असे पुन्हा उजेडात आले.

ते पाहायला शिंदे नव्हते. 'सीता और गीता', 'शान', 'शक्ती' यांसारख्या चित्रपटांवर कात्री चालवलेला हा माणूस २८ सप्टेंबर २०१२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी मुंबईत वारला. अखेरची वर्षे धारावीतल्या एका छोट्या खोलीत गेली. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रगृहात जो चित्रपट पाच वर्षे चालला, ज्याच्या संवादांवर तबकडीवाल्यांनी, फलकवाल्यांनी, जाहिरातवाल्यांनी पैसा केला, त्या चित्रपटाचे एकमेव फिल्मफेअर पारितोषिक मिळवणाऱ्याची ही अखेर! कोणी फसवले असा याचा अर्थ नाही. त्या काळी तंत्रज्ञाला कामाचे ठरलेले पैसे मिळत, आणि चित्रपट कितीही चालला तरी पुढच्या धान्याच्या राशीत त्याचा शेर नसे. वय झाले, काम आटले, की मिळकत आटली.

पगारपत्रकाच्या वह्यांत आयुष्य घालवलेल्या मला ही गोष्ट लागते. आमच्या मिलमध्ये रोल कातणारा एक कारागीर आहे. सळईवर कारखान्याचे नाव उठावे म्हणून तो पोलादी रोलवर ती अक्षरे उलटी कोरतो. उलटी कोरावी तेव्हा सळईवर सुलटी उमटतात. महाराष्ट्रात किती इमारतींच्या पोटात त्याची अक्षरे गाडली गेली असतील कोण जाणे! त्या अक्षरांत त्याचे स्वतःचे नाव नाही, आणि असावे अशी त्याची अपेक्षाही नाही. पण महिनाअखेरी हजेरीपटावर त्याचे नाव असते, त्यापुढे भविष्यनिर्वाह निधीचा रकाना असतो, आणि म्हातारपणी त्या रकान्यातून काहीतरी निघते. कलावंताच्या हजेरीपटाला हा रकाना नव्हता. टाळ्या पुष्कळ वाजतात, पण त्यांतली एकही वहीत जमा होत नाही.

मग आपण प्रेक्षकांनी करायचे तरी काय? धारावीची ती खोली आता आपण मोठी करू शकत नाही. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि तिला पैसाही पडत नाही. 'शोले' सुरू होतो तेव्हा आगगाडी थांबते, एक पोलीस अधिकारी उतरतो आणि ठाकुराचा रामलाल त्याला घोड्यावरून गावाकडे नेतो. शिळा, शेते, पाऊलवाटा मागे पडत जातात, बर्मनचे संगीत वाजत राहते, आणि त्यावर नावे झळकत जातात. बहुतेक घरांत हीच वेळ चहा टाकायची, दिवाणखान्यातला पसारा आवरायची नि "अजून सुरू झाला नाही" असे म्हणायची असते. खरे तर तोच त्या चित्रपटाचा हजेरीपट आहे. मालकापासून मजुरापर्यंत सारे तिथे ओळीने उभे असतात.

या दिवाळीच्या सुट्टीत घरी 'शोले' लागला तर चहा पाच मिनिटे आधी टाका. नावे इंग्रजी लिपीत आहेत. शाळेत जाणाऱ्या नातवंडाला ती मोठ्याने वाचायला लावा. येडेकर आले की सांगा, हे गाव यांनी बांधले. दिवेचा आले की सांगा, त्या दिव्यांसाठी हे वीस दिवस थांबले. देसाई आले की झोपाळ्याची आठवण द्या. आणि शिंदे हे नाव आले की पोराला क्षणभर थांबवा. त्या नावामागे काय काय आहे ते आता तुम्हाला ठाऊक आहे. ते घरच्यांनाही सांगा.

परतूरच्या पोराला मी सगळे उत्तर देऊन टाकले आहे. त्याने ते चहाच्या सुट्टीत बिहारच्या मंडळींना हिंदीत ऐकवले, थोडे तिखटमीठ लावून! आता आमच्याकडे गब्बर, सांभा आणि कालियाच्या जोडीला आणखी एक भूमिका ठरली आहे. कोणाची बडबड फार लांबली की, पाण्याच्या टाकीवरून कोणीतरी दोन बोटांची कात्री करून दाखवतो आणि सगळे एका सुरात ओरडतात, "शिंदे!"